मधल्या मशीनचा कौल

मुलुंडच्या एका मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर, मी गाडी चालवत होते. लाल गाडी, समोर समुद्राकाठचा रस्ता, वळणावर वळण. जन्मभर हेच केलंय अशा ऐटीत मी स्टिअरिंग फिरवत होते आणि एकदाही कठड्याला घासले नव्हते. माझी आठ वर्षांची नात शेजारी उभी राहून बघत होती. शेवटी तिने माझ्या कोपराला बोट लावलं.

"आजी, कार्ड लावलंच नाहीये."

"मग?"

"मग ते आपोआप चाललंय. तू नुसतीच फिरवतेयस."

"माहितीय गं मला."

"मग कशाला फिरवतेयस?"

मी आणखी एक वळण घेतलं. बुधवारची दुपार होती. त्या एवढ्या मोठ्या गेमिंग झोनमध्ये आम्ही दोघी, आणि काउंटरवर एक मुलगी, जी स्वतःच्या मोबाइलवर खेळत बसली होती. बाकीची तीसेक मशीनं आपली आपणच खेळत होती. बंदुका सुटत होत्या, घोडे धावत होते, कुठलीशी बाई इंग्रजीत 'या, या' म्हणून बोलवत होती आणि कोणी जात नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "शनिवार-रविवारी असतात थोडे, आजी. बर्थडे पार्टी असली तर. एरवी हल्ली कोण येतंय?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी स्वतः ते कित्येकांना ऐकवलेलं आहे.

नातीला वाटलं, आजीला यातलं काही कळत नाही. वाटणारच. तिची आजी एकेकाळी नाहूरच्या एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लरची मालकीण होती, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. त्या पार्लरमध्ये आजीने काय दिवे लावले, हे तर आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही.

माझे सासरे परळच्या एका मिलमध्ये साचेवाले होते. साचा म्हणजे माग. दोन साच्यांच्या मधल्या बोळातून त्यांनी तीस वर्षं येरझाऱ्या घातल्या. धागा तुटला की वाकायचं, जोडायचा, सरळ व्हायचं, पुढे. मिल बंद पडली आणि ते घरी बसले. घरी बसणं काही त्यांना जमलं नाही. वर्षभरात गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझं लग्न त्यांच्यानंतरचं. पण घरात संध्याकाळी एक माणूस दोन भिंतींच्या मधे हात मागे बांधून चालत राहायचा, हे सासूबाईंनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पाहिल्यासारखंच होतं.

मिलकडून उशिरा जे काय हाताला लागलं त्यातून आमच्या ह्यांनी पाच मशीनं घेतली. परळची खोली सोडून आम्ही नाहूरला आलो, रस्त्यावर गाळा आणि मागे राहायला दोन खोल्या. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. पिठाची गिरणी टाक, म्हणाले, झेरॉक्स टाक, हे पोरखेळ कसले? ह्यांनी ऐकलं नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यात हवा होती आणि ती भरण्यात माझाही हात होता.

उद्घाटनाला गावाहून चुलत सासरे आले. ते गाऱ्हाणं घालणारे. आमच्या कोकणात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मोठा माणूस देवाला, पूर्वजांना, जागेच्या धन्याला उद्देशून बोलतो आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. पाच मशीनं ओळीने सुरू करून ठेवलेली, त्यांच्या उजेडात चुलत सासऱ्यांचं तोंड कधी निळं, कधी लाल. हातात नारळ.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान हय नवो धंदो मांडलेलो आसा. तेचा भला कर."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आणि ज्येच्या घामान ही मशिना इली, तेणा हयच रवान राखण करूची."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठ्याने मी म्हणाले होते. कारण मला हसू येत होतं आणि ते लपवायचं होतं. मी मॅट्रिक. त्या घरात मशीनवरचं इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. माझ्या मते मी म्हणजे विज्ञान होते आणि बाकीचे नारळ.

पार्लर चाललं म्हणजे काय चाललं! शाळा सुटली की दाराशी दप्तरांचा ढीग. काचेला काळी फिल्म, आत एकच पंखा, घामाचा, बटाटेवड्याचा आणि तापलेल्या पिक्चर ट्यूबचा वास. एकेका मशीनवर एक खेळणारा आणि पाठीमागे सात जण त्याच्यापेक्षा हुशार. आया लाटणं घेऊन यायच्या. एकदा एका शाळेचे हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले, तर मी नऊ पोरं आमच्या स्वयंपाकघरात लपवली आणि तेवढ्यात त्यांच्याकडून मटार सोलून घेतले.

ज्यांच्याकडे पैसे नसत ती मुलंसुद्धा यायची. मशीनवर कोणी खेळत नसलं की ते स्वतःच खेळ करून दाखवायचं, डेमो. ही मुलं जाऊन हँडल धरायची आणि डेमोबरोबर जिवाच्या आकांताने हलवायची. पडद्यावरच्या माणसाने उडी मारली की यांना वाटायचं, आपणच मारली. मी काउंटरवरून बघायचे आणि पोट धरून हसायचे.

मुलं टोकनला दोरा बांधून तेच टोकन पाच-पाच वेळा आत-बाहेर करायला लागली, तेव्हा ह्यांनी मशीनची फट बंदच करून टाकली. प्रत्येक मशीनच्या पोटातून एक वायर काढली, भिंतीकडेने काउंटरखाली आणली आणि तिला दाराच्या बेलचं बटण लावलं. पाच मशीनं, पाच बटणं. मुलाने पैसे दिले की मी खाली हात घालून बटण दाबायचे. मशीन 'टिंग' करायचं आणि मुलाने स्टार्ट दाबलं की खेळ सुरू व्हायचा. बटणं मांडीच्या उंचीला, फळीच्या आड. समोरून कोणाला दिसायची नाहीत. दिवसभरात माझं बोट त्या फळीखाली इतक्या वेळा जायचं की झोपेतही ते हलायचं, असं हे म्हणायचे.

सासूबाई त्या वर्षांत गाळ्यात पाऊल टाकायच्या नाहीत. गोंगाट सोसायचा नाही. मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसायच्या.

मग ते ओसरलं. एकदम नाही. आधी ज्यांच्याकडे बरी परिस्थिती होती त्यांच्या घरी टीव्हीला लावायचे गेम आले. ती मुलं आईच्या नजरेखाली पलंगावर बसून खेळायला लागली. मग स्टेशनजवळ सायबर कॅफे निघाले आणि मोठी मुलं तिकडे गेली. मोबाइलवर साप फिरायला लागला तेव्हा तर मोठी माणसंही खाली मान घालून चालायला लागली. आमच्याकडची मशीनं एकेक करून गेली. विमानाचं गेलं. मारामारीची दोन गेली. जिथून मशीन गेलं तिथे भिंतीवर पाठीच्या आकाराचा फिका चौकोन राहायचा. उरली दोन, मग एकच. मधलं. ते सगळ्यात जुनं, त्याला गिऱ्हाइकच मिळेना.

गाळा शांत झाला आणि सासूबाई बाहेर येऊन बसायला लागल्या. दुपारी जेवण आवरलं की मधल्या मशीनसमोर स्टूल घेऊन. त्यांना मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की जेवण सोडायच्या. पडद्यावर त्यांना रंग आणि हालचाल एवढंच दिसायचं.

त्या गेममध्ये दोन मजले होते, दोन शिड्या, आणि एक बुटका माणूस. डेमोमध्ये तो डावीकडून उजवीकडे धावायचा, वाकून काहीतरी उचलायचा, परत डावीकडे, परत वाकायचा. मग उजव्या शिडीवर चढताना पडायचा. खेळ संपायचा. काळं व्हायचं, आणि तो पुन्हा डावीकडून निघायचा. दर दोन मिनिटांनी हेच. वर्षानुवर्षं.

एका दुपारी मी विचारलं, "काय बघता हो आई, रोज?"

"तुझो सासरो," त्या म्हणाल्या. "साचे चलयतत. बघ. धागो तुटलो की वाकतत."

मी काउंटरमागे ओठ चावले.

तो पडायचा तेव्हा त्या पदर तोंडाशी न्यायच्या. पुन्हा निघाला की पदर खाली यायचा. "उठले," म्हणायच्या, हलकेच, मला नाही, स्वतःलाही नाही. असं दुपारभर. उठले. उठले. उठले. मला हसायला यायचं खरं. पण वाचत असलेल्या मासिकाचं एक पान मी तासभर उलटलेलं नसायचं, हेही तेवढंच खरं.

आता माझा पराक्रम सांगते.

एकदा सासूबाईंनी पडद्याला विचारलं, "जेवलात?"

अगदी सहज. माणूस बाहेरून आल्यावर विचारतात तसं. आणि माझं बोट, त्या मेल्याला सवयच, फळीखाली गेलं आणि मधलं बटण दाबलं गेलं.

टिंग.

सासूबाईंची पाठ ताठ झाली. मग उठल्या, आत गेल्या, पाय धुऊन आल्या आणि पुन्हा बसल्या. आणि त्यांनी हात जोडून कौल मागितला.

गावच्या देवळात आम्ही कौल घेतो. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्न, जमीन, आजारपण, कौलाशिवाय पान हलत नाही. मधे गुरव असतो, पाकळ्या लावायला. सासूबाईंनी आमच्या पार्लरमध्ये पाकळ्यांशिवाय कौल सुरू केला. वाजलं तर उजवा. नाही वाजलं तर डावा.

मी काय केलं असेल? एखाद्या शहाण्या सुनेने जाऊन सांगितलं असतं, आई, ते मी बटण दाबलं. मी पुढचे पंधरा दिवस देव झाले.

मजा यायची, खोटं कशाला बोलू? "आज बांगडे हाडूचे?" टिंग. "सुनेक चार दिवस म्हायेराक धाडूया?" टिंग, टिंग. दोनदा वाजलं म्हणून त्यांनी मला आठ दिवस पाठवलं. नणंदेच्या सासूची कागाळी असली की मी हात मांडीवर घट्ट धरून बसायचे. ह्यांना सांगायची छाती मात्र झाली नाही. चाळिशीला टेकलेली बाई, आणि फळीखाली हात घालून सासूला बांगडे आणायला लावते.

पंधरा दिवसांनी ती गंमत राहिली नाही. सासूबाई बदलल्या. त्यांची झोप सुधारली. त्या केसांना तेल लावायला लागल्या. दुपारी गाळ्यात येताना पातळ बदलून यायच्या. आता मी थांबले तर काय होईल, हे मला दिसायला लागलं, आणि मी थांबू शकले नाही. दोन वर्षं, अडीच वर्षं, रोज दुपारी, मी त्यांच्या नवऱ्याच्या वतीने हो म्हणत राहिले.

त्यात एक दिवस वेगळा गेला. सासूबाईंची धाकटी बहीण गावी आजारी होती. त्यांनी विचारलं, "माझी भयण गणपती बघतली काय?" अशा प्रश्नाला 'नाही' कोण म्हणेल? मी बटण दाबलं. वाजलं नाही. पुन्हा दाबलं. नखाखालचं बोट पांढरं होईपर्यंत दाबून धरलं. मशीन आपलं डेमो दाखवत राहिलं. तो माणूस धावला, वाकला, चढला, पडला.

"नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला.

चौथ्या दिवशी गावाहून फोन आला.

बटण मात्र त्या प्रश्नाच्या दुसऱ्याच दिवशी नीट चालायला लागलं होतं. धूळ गेली असेल, मी स्वतःला सांगितलं. मॅट्रिक पास बाईला धूळ ही फार सोयीची गोष्ट असते.

मग मेडिकलवाला आला. त्याला गाळा भाड्याने हवा होता, फ्रीज आणि कपाटं लावायला, सबंध. आमच्या ह्यांची साखर तेव्हा नुकतीच निघाली होती. दिवसभर रिकाम्या पार्लरात बसून माणूस पिवळा पडला होता. भाडं आलं असतं तर ते मोकळे झाले असते. पण मशीन हलवायचं म्हणजे आईला सांगायचं, आणि ते त्यांच्याने होईना. चार दिवस ते आईसमोर जाऊन बसत आणि पाण्याचा ग्लास मागून परत येत.

"तू सांग," मला म्हणाले. "तुझं ऐकते ती हल्ली."

"माझं कुठे ऐकतात?"

"मग कोणाचं ऐकते?"

माझा बेत ठरला होता. कौल लावायचा, एक टिंग द्यायचं, मशीन रवाना. सोपं. आणि रात्री पडल्या पडल्या कळलं की सोपं नाही. सासूबाईंचा नवरा एकदा मिलने नेला होता. आता तो दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी घालवणारी मी. त्यानंतर त्या दुपारी कुठे बसतील, केसांना तेल लावतील का, जेवतील का, काहीच सांगता येत नव्हतं. मशीनपाठोपाठ माणूस गेला तर?

मशीन बघायला कुर्ल्याहून एक मेकॅनिक आला. जुनी मशीनं घेऊन सुटे भाग काढणारा. सासूबाई आत झोपल्या होत्या. त्याने मागचं दार उघडलं, बॅटरी तोंडात धरली, आत हात घातला आणि एक वायर ओढून काढली. तिचं टोक कुरतडलेलं होतं. आतली तार हिरवी पडली होती. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्या जाळ्यावरही धूळ बसली होती.

"ये काउंटरवाली लाइन तो कब की मर गयी, भाभी," तो म्हणाला. "चूहे ने काटा. दो-तीन साल तो हो गये होंगे."

"चालते ती," मी म्हटलं. "कालच दाबलं. वाजलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काउंटरशी आला, खाली वाकला आणि मधलं बटण दाबलं. चारदा. पाचदा. काही नाही.

"मग कसं वाजतं?"

"पुराना माल है. नमी से शॉर्ट होता है. अपने आप क्रेडिट गिराता है."

"मी दाबल्यावरच?"

तो हसला. गिऱ्हाईक भाव वाढवायला काहीबाही सांगतंय असं त्याला वाटलं असावं. उद्या टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

मी काउंटरमागे बसले. ऊन दारापर्यंत आलं होतं, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, सगळं रोजचंच. फक्त मला माझा हात फळीखाली न्यायला होईना. अडीच वर्षं मी एक मेलेलं बटण दाबत होते. समोर तो बुटका माणूस धावत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्याकडे सरळ बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई पातळ बदलून आल्या. मशीन जायचंय, असं ह्यांनी सकाळी कसंबसं सांगितलं होतं, भिंतीकडे बघत. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "इचारतंय." आता त्या स्टुलावर बसल्या, हात जोडले.

"तुमका हयसून जावचा आसा काय? दिवया ह्या मशीन?"

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. एकावर एक, दाबून. टेम्पो बाहेर उभा होता, आमचे हे त्याच्यापाशी. मेकॅनिक दारात तंबाखू मळत होता. गाळ्यात नुसता पंख्याचा आवाज. माणूस धावला, वाकला. पडला. काळं झालं. पुन्हा निघाला. सासूबाई 'उठले' म्हणाल्या नाहीत.

मान न वळवता त्या म्हणाल्या, "आज दाबणस नाय गो?"

"काय, आई?"

"बटण."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"डोळे गेले. कान आसत मगो. हात खाली घातलंस की काकणां वाजतत तुझी."

त्यांना मी अडीच वर्षं फसवलं, त्याबद्दल पाय धरायचे, रडायचं, असं मी रात्रभर पाठ केलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं, आणि मी मूर्खासारखं भलतंच विचारलं. "मग विचारायचात कशाला? मी वाजवते हे माहीत असून?"

"तू खय वाजवतंस?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पयले चार-सात दिस तू वाजयलंस. मगे आदी ता वाजा, आणि मागसून तुझी काकणां. दर खेपेक. माका वाटला तुका म्हायत आसा."

दारातल्या मेकॅनिकने तंबाखू मळायची थांबवली.

"देवळात गुरव लागता," त्या पुढे म्हणाल्या. "गुरवान पाकळी लावली तरी कौल दिता तो देवच. म्हणान तुका बसान दिलंय. गप बसतंस, पाय हलवणस नाय, बरो गुरव होतंस."

मी सासूला खेळवत होते अशा समजुतीत अडीच वर्षं काढली, आणि मला तर कामाला ठेवलं होतं.

"आज तू दाबूक नाय," त्या म्हणाल्या, "आणि ता वाजाक नाय." मग मशीनकडे हात करून, "डावो कौल म्हणाचो, की हय कोण नायच? बंद करा बघया."

मेकॅनिकने प्लग काढला. पडदा आवळत आवळत ठिपक्याएवढा झाला आणि विझला. पंधरा वर्षांत ते मशीन दुपारचं कधी बंद केलं नव्हतं. उघड्या दारातून ऊन थेट काचेवर पडलं, आणि मला त्या विझलेल्या काचेत दोन मजले दिसले. दोन शिड्या. राखाडी, पुसट, पण अगदी जागच्या जागी. माझ्या तोंडून बारीक आवाज निघाला असणार, कारण मेकॅनिक पटकन म्हणाला, "जल जाता है, भाभी. एक ही चीज सालों तक दिखाओ तो काँच पे रह जाती है."

सासूबाई उठल्या. काचेला नाक लागेल एवढ्या जवळ गेल्या, तळवा फिरवला. त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं.

"काय आसा?"

"शिड्या आहेत, आई. मजले आहेत. काचेवर उरलेत."

"आणि ते?"

मी बघितलं. डावीकडे बघितलं, उजव्या शिडीपाशी, जिथे तो पडायचा तिथे, खूप वेळ बघितलं. हो म्हणणं माझ्या हातात होतं. इतकी वर्षं तेवढंच तर केलं होतं, आणि हो म्हटलं असतं तर त्यांनी मशीन हलू दिलं नसतं, आणि खूश राहिल्या असत्या. त्या माझ्या तोंडाकडे कान करून उभ्या होत्या.

"नाहीत," मी म्हणाले. "माणूस नाहीये, आई. जे हलतं ते उरत नाही काचेवर. जे हलत नाही तेवढंच उरलंय."

त्यांनी मान हलवली. तळवा काचेवरून काढला आणि पदराला पुसला.

"मगे गेले," म्हणाल्या. "कदीतरी गेले. आमकाच कळूक नाय." आणि दाराकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "घेवन जा रे ता."

टेम्पोवाल्यांसकट चौघांनी मशीन उचललं. ह्यांचा चेहरा रडवेला आणि सुटल्यासारखा, दोन्ही. सासूबाईंनी आपलं स्टूल स्वतः उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. त्या रात्री त्या नीट जेवल्या. दुसऱ्या दिवशी केसांना तेल लावलं. महिन्याभराने स्वतःहून म्हणाल्या, डोळ्यांचा करून टाकूया. दोन्ही डोळे झाले, आणि पुढची सात वर्षं त्यांनी माझ्या स्वयंपाकात दिसतील तेवढे खडे काढले. भीती होती ती त्यांच्याबाबतीत खोटी ठरली.

टेम्पो निघाला तेव्हा मी दारात उभी होते. मशीन मागच्या बाजूला आडवं ठेवलेलं, काच रस्त्याकडे. सासूबाई आतून म्हणाल्या, "मागसून बघू नको गो. पोचवन इल्यार मागे बघूचा नसता."

स्मशानातून परतताना मागे वळून बघायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. बघितलं तर गेलेला माणूस आपल्यामागून घरी येतो.

मी मॅट्रिक पास. टेम्पो नाहूरच्या फाटकाकडे वळेपर्यंत मी बघत राहिले.